रूटचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे?

शेवटच्या वर्षाला आपल्यापैकी बरेच जण ट्रेनिंगसाठी लोअर परळला जातात. सकाळी स्टेशनातून सेनापती बापट मार्गाकडे जो लोंढा निघतो, त्यात गळ्यात आयकार्ड अडकवलेले इंजिनिअर खंडीभर. कमला मिल, फिनिक्स मिल ही नावे राहिली, आतले साचे गेले. त्या जागी ऑफिसे आली आणि त्यातल्या कितीतरी ऑफिसांचे काम आज लिनक्स सर्व्हरवर चालते.

समजा, तिथे तुमचा पहिला दिवस आहे. कोणीतरी एक चिठ्ठी हातात देतो. त्यावर सर्व्हरचा पत्ता, खाली 'रूट' आणि त्याखाली पासवर्ड. "हे घे, काम सुरू कर." आपण खूश! पहिल्याच दिवशी रूट मिळाला. पण जरा थांबा. ही चिठ्ठी तुमच्याआधी किती जणांना मिळाली आहे? त्यातले किती जण नोकरी सोडून गेले? आणि उद्या त्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडाला, तर बोट कोणाकडे जाईल?

पासवर्डवरचे बहुतेक लेख तो किती अवघड असावा यावर असतात. तेही बघू. पण सर्व्हर सांभाळणाऱ्याला त्याआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो : हा पासवर्ड कोणाचा?

(एक सूचना : या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाईप करण्यापूर्वी त्यांचे इंग्रजी स्पेलिंग 'मॅन' पानांवर बघून घ्या.)

पासवर्ड आला कशासाठी?

१९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची यंत्रणा चालू केली. एकच मोठा कॉम्प्युटर, आणि त्यावर अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून काम करणार. मग याच्या फाईल त्याने बघू नयेत आणि प्रत्येकाने ठरलेलाच वेळ वापरावा, यासाठी दर माणसाला नाव आणि पासवर्ड दिला गेला. म्हणजे पासवर्ड जन्माला आला तोच 'हा कोण' हे ओळखण्यासाठी.

आणि तो फुटायलाही वेळ लागला नाही. १९६२ साली ॲलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार तासच मशीन मिळत होते. त्यात त्याचे काम होईना. त्याने पंचकार्डावरून पासवर्डची फाईल प्रिंट करण्याची विनंती टाकली आणि सगळ्यांचे पासवर्ड छापून आले! ही गोष्ट त्याने पंचवीस वर्षांनी सांगितली. होस्टेलवाल्यांना हा प्राणी ओळखीचा वाटेल. पण मुद्दा असा, की पासवर्ड जसेच्या तसे लिहून ठेवले तर ती फाईलच सगळ्यात मोठे भोक ठरते.

शॅडो फाईलच्या आत

म्हणून युनिक्सने पासवर्ड साठवणेच बंद केले. साठवतात तो त्याचा हॅश. गव्हाचे पीठ होते, पिठाचे गहू होत नाहीत, तसा हा एकेरी मार्ग. तुम्ही लॉगिन करताना दिलेला पासवर्ड पुन्हा दळला जातो आणि आलेले पीठ आधीच्या पिठाशी जुळवून पाहिले जाते.

आता होस्टेलमधल्या दोघांनी 'गणपतीबाप्पा१२३' हाच पासवर्ड ठेवला तर? हॅश सारखाच येणार आणि एकाचा कळला की दुसऱ्याचाही कळणार. त्यासाठी दळण्यापूर्वी प्रत्येकात वेगवेगळे 'सॉल्ट', म्हणजे चिमूटभर मीठ टाकतात. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ सालच्या लेखात ही पद्धत मांडली. तेव्हा ४०९६ प्रकारचे मीठ होते. त्याच लेखात त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले होते. त्यातले ८६ टक्के एकतर फारच छोटे होते किंवा शब्दकोश, नावांच्या याद्या अशा ठिकाणी सहज सापडणारे होते. इतक्या वर्षांत मशीन बदलल्या, माणसाची सवय फारशी बदलली नाही.

पूर्वी हे हॅश इटीसी डिरेक्टरीतल्या 'पासडब्ल्यूडी' फाईलमध्ये असत आणि ती फाईल सगळ्यांना वाचता येई. आता ते 'शॅडो' फाईलमध्ये असतात. सर्वसाधारण युजरला ती उघडत नाही. तिच्या एका ओळीत कोलनने वेगळे केलेले नऊ रकाने असतात : युजरचे नाव, हॅश, पासवर्ड शेवटचा कधी बदलला (१ जानेवारी १९७० पासूनचे दिवस मोजून), किमान दिवस, कमाल दिवस, आधी किती दिवस सूचना द्यायची, मुदतीनंतरची सवलत, खाते कधी संपणार, आणि शेवटचा राखीव.

हॅशच्या सुरुवातीला डॉलरच्या चिन्हांमध्ये एक खूण असते. १ असेल तर एमडी-५, म्हणजे जुनाट, ताबडतोब बदला. ६ असेल तर शा-५१२. 'वाय' असेल तर येसक्रिप्ट, जो २०२१ च्या डेबियन ११ पासून तिथे आपोआप येतो. नव्या पद्धती मुद्दाम संथ केलेल्या आहेत. तुम्हाला लॉगिनला क्षणभर जास्त लागला तर बिघडत नाही, पण चोरलेल्या फाईलवर कोट्यवधी शब्द लावून बघणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो.

एक कुलूप, दहा किल्ल्या

इथवर गणिताचे काम झाले. आता माणसांकडे येऊ.

गिरणगावात एकेका खोलीत गावाकडचे दहा-दहा, पंधरा-पंधरा कामगार राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी झोपायला येई. खोली सगळ्यांची, कुलूप सगळ्यांचे. तिथे ते चालून जाई, कारण सगळे एकमेकांना ओळखत आणि काही हरवले तर चार माणसे बसून निवाडा करत. पण त्याच कामगाराची गिरणीतली हजेरी मात्र त्याच्या स्वतःच्या नावावर लागे. दहा जणांची मिळून एक हजेरी कोणी लावली नाही.

सर्व्हरवर आपण नेमके उलटे करतो. काम ऑफिसचे आणि हजेरी मात्र सामाईक! पाच जण रूट म्हणून आत जातात, लॉगमध्ये पाचही वेळा 'रूट' एवढेच उमटते. फार तर कोणत्या मशीनवरून आला ते कळेल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला, की सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. लॉग जपाल हो, पण त्यात माणसाचे नावच नसेल तर वाचून काय करणार?

लोअर परळहून चर्चगेटची गाडी पकडून फोर्टात गेलो की याचे मोठे उदाहरण मिळते. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने मुंबईतल्या एका शाखेत सुमारे १७७ कोटी डॉलरचे बनावट व्यवहार झाल्याचे जाहीर केले. ती शाखा फोर्टमधली ब्रॅडी हाऊसची. हा प्रकार लिनक्सचा नाही, 'स्विफ्ट' या बँकांच्या संदेशयंत्रणेचा आहे. तिथून हमीपत्रांचे संदेश परदेशी जात होते आणि बँकेच्या मुख्य कोअर बँकिंग यंत्रणेला ती जोडलेली नसल्याने हिशेबात त्यांची नोंदच पडत नव्हती. अशा यंत्रणेत एकाने संदेश तयार करायचा, दुसऱ्याने तपासायचा, अशी वाटणी असते. तपासाच्या काळात आलेल्या बातम्यांनुसार तिथे पासवर्ड ज्याचे त्याच्यापाशी राहिले नव्हते. असे झाले की दोन माणसांची तपासणी कागदावर राहते आणि प्रत्यक्षात एकच हात दोन्ही सह्या करतो. तिथे कोणाला हॅश फोडावा लागत नाही.

येणे, राहणे, जाणे

तेव्हा युजरच्या पासवर्डचे व्यवस्थापन म्हणजे तीन प्रसंग नीट सांभाळणे.

१) माणूस येतो. त्याचे स्वतःचे खाते 'यूजरॲड'ने उघडा. तात्पुरता पासवर्ड द्या आणि 'चेज -डी ०' चालवा. पहिल्या लॉगिनलाच मशीन त्याला पासवर्ड बदलायला लावते, म्हणजे ॲडमिनलाही त्याचा पासवर्ड माहीत राहत नाही. हे ॲडमिनच्याही भल्याचे आहे.

२) माणूस काम करतो. रूटचे अधिकार लागले तर 'सुडो' द्या. १९८० च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम. इथे माणूस स्वतःचा पासवर्ड देतो, काम रूटचे होते, आणि कोणी कोणती कमांड दिली ते लॉगमध्ये पडते. सुडोची फाईल नेहमी 'व्हीआयसुडो'नेच उघडा, कारण चुकीची ओळ सेव्ह करण्याआधी तो अडवतो. ज्याला फक्त वेबसर्व्हर रिस्टार्ट करायचा आहे, त्याला तेवढीच कमांड द्या. 'सुडो बॅश' करून आत शिरले की पुढच्या कमांडची नोंद सुडोकडे होत नाही, हे ध्यानात ठेवा. एसएसएचमधून रूटचे थेट लॉगिन बंद करा. रूटचा पासवर्ड मोठा ठेवून सीलबंद पाकिटात तिजोरीत टाका. पाकीट फुटले की पासवर्ड बदलायचा.

३) माणूस जातो. निरोपाचा केक कापला जातो, खाते तसेच राहते! इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. 'यूजरमॉड -एल' केले की पासवर्ड लॉक होतो, पण त्या माणसाची एसएसएच की जागेवर असेल तर तो खुशाल आत येऊ शकतो. म्हणून सोबत खाते संपण्याची तारीखही टाका : 'यूजरमॉड -एल -ई १'. त्याचा अर्थ, हे खाते २ जानेवारी १९७० लाच संपले. मग त्याच्या चालू प्रोसेस, क्रॉनमधली कामे आणि दुसऱ्या खात्यांत टाकलेल्या की बघा. त्याला माहीत असलेले सामाईक पासवर्ड त्याच दिवशी बदला.

खाते उडवण्याची घाई मात्र नको. लिनक्स फाईलचा मालक नावाने नाही, नंबराने ओळखते. शेवटचे खाते उडवले तर तोच नंबर पुढच्या नव्या युजरला मिळू शकतो, आणि जुन्याच्या उरलेल्या फाईल नव्याच्या मालकीच्या होतात. खाते लॉक करून ठेवले की नंबर अडून राहतो.

दर तीन महिन्यांनी बदलायचा का?

वर्षानुवर्षे हा नियम ऐकत आलो. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेतून कॅपिटल, आकडा, चिन्ह आणि ठराविक काळाने बदल हे प्रकार सगळीकडे रुजले. प्रत्यक्षात माणूस काय करतो? जानेवारीत शेवटी १, एप्रिलमध्ये २. ती मार्गदर्शिका लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी एनआयएसटीने भूमिका बदलली : पासवर्ड फुटल्याची शंका असेल तेव्हा बदलायला लावा, उगाच नको. लांबी वाढू द्या आणि फुटलेल्या पासवर्डच्या यादीतला शब्द घेऊ नका. अशी यादी काय सांगते? २००९ मध्ये 'रॉकयू' कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड उघडे पडले. त्यात सगळ्यात लाडका होता १२३४५६.

तेव्हा चार-पाच असंबद्ध शब्दांचे लांब वाक्य ठेवा. लिनक्सवर 'पॅम'चे पीडब्ल्यूक्वालिटी मॉड्यूल कच्चे पासवर्ड अडवते, आणि फेललॉक ठराविक चुका झाल्या की खाते काही वेळ बंद करते. शक्य तिथे की वापरा आणि पासवर्डने एसएसएच लॉगिन बंदच ठेवा.

ट्रेनीने काय करावे?

आता पुन्हा त्या चिठ्ठीकडे. तुम्ही नवे आहात, पगार नाहीच किंवा थोडका, ओळख कोणाशी नाही. सामाईक पासवर्डच्या घोटाळ्यात बोट आधी अशाच माणसाकडे जाते, कारण 'मी ते केले नाही' हे दाखवायला त्याच्याकडे काहीच नसते. स्वतःच्या नावाचे खाते ही अशा वेळी तुमची साक्ष आहे. म्हणून चिठ्ठी मिळाली की नम्रपणे विचारा : "सर, माझ्या नावाने वेगळे खाते मिळेल का? सुडो दिलात तरी चालेल." कोणी रागावत नाही. चांगला ॲडमिन उलट खूश होतो. खाते मिळालेच नाही तर आपण कधी लॉगिन केले, काय केले, हे रोजच्या रोज वहीत किंवा मेलमध्ये लिहून ठेवा. आणि ट्रेनिंग संपताना स्वतःच सांगा, "सर, माझे खाते बंद करा." पुढे तिथे काही झाले तर तुम्ही मोकळे.

आपल्या लॅबमधल्या सर-मॅडमनाही एक विनंती. मागच्या बॅचची खाती अजून चालू आहेत का, रूटशिवाय आणखी कोणाचा यूजर नंबर ० आहे का, आणि 'लास्ट' कमांडमध्ये न ओळखीचे नाव दिसते का, एवढे तीन प्रश्न दर सत्राच्या सुरुवातीला बघावेत. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते करताना शेजारी दोन विद्यार्थी बसवलेत तर त्यांचे एक प्रॅक्टिकलही होऊन जाईल.