आलिशान मोटार आणि तिचे हमीपत्र

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो असताना माझा धाकटा चुलतभाऊ एका संध्याकाळी हातात कागदांची चळत घेऊन आला. समृद्धी महामार्गात त्यांच्या वाटणीची जमीन गेली होती. मोबदल्यातून घर बांधून झाले, बहिणीचे लग्न झाले आणि तरीही वीस लाखांच्या आसपास रक्कम बँकेत उरली होती. त्या रकमेतून त्याला सहा वर्षे जुनी एक जर्मन मोटार घ्यायची होती. नवी असताना साठ लाखांची, आता अठरा लाखांत मिळत होती. शिवाय आणखी दीड लाख भरल्यास वर्षभराची 'वाढीव हमी' देण्यास विक्रेता तयार होता. "दादा, तू अर्थशास्त्र शिकवतोस. ही हमी घेऊ की नको, एवढंच सांग," असे त्याचे म्हणणे. एवढेच सांगणे किती अवघड आहे याची कल्पना मला ते कागद वाचल्यावर आली. तो अभ्यास आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आलिशान मोटारींचे आकर्षण आपल्याकडे नवे नाही. मर्सिडीज-बेंझने १९९५ साली पुण्यात मोटारींची जुळणी सुरू केली व २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना काढला. २०१० च्या ऑक्टोबरात तर त्या वेळच्या औरंगाबादेतील व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज खरेदी केल्या. सुमारे पासष्ट कोटींचा तो सौदा देशभर गाजला. या नव्या गाड्यांची चर्चा झाली, छायाचित्रे छापून आली. पण प्रत्येक नवी गाडी कधीतरी जुनी होते, पहिल्या मालकाच्या दारातून निघून दुसऱ्याच्या दारात जाते, आणि खरा प्रश्न तेथे सुरू होतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ साली बंदी घातली व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या उंची डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. आमच्या तालुक्याच्या गावीही अशा दोन-तीन गाड्या मी पाहिल्या आहेत.

जुन्या मोटारींच्या बाजाराचा विचार करताना जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचे नाव टाळता येत नाही. १९७० साली त्यांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषयच मुळी जुन्या मोटारी हा होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधलीच कुठलीतरी किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि बाजारात खराब गाड्यांचेच प्रमाण वाढत जाते. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. या रोगावर जे उपाय अ‍ॅकरलॉफ यांनी सुचवले त्यांत हमीपत्र हा एक होता. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तोच लांब मुदतीची हमी देऊ शकेल, असा त्यामागचा तर्क.

या तर्काचे चांगले उदाहरण आलिशान नसलेल्या मोटारीचे आहे. अमेरिकेत ह्युंदाईच्या गाड्यांची पत खालावलेली असताना त्या कंपनीने १९९९ च्या गाड्यांपासून इंजिन व गिअरबॉक्सला दहा वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी दिली, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास परत मिळवला. मात्र ही पूर्ण हमी पहिल्याच मालकापुरती होती. गाडी विकली की दुसऱ्या मालकाच्या हाती कमी मुदतीची हमी उरे. हमीपत्रातील असली कलमे वाचायची सवय आपल्याला नसते.

आता उंची गाड्यांकडे वळू. अमेरिकेत जर्मन उंची मोटारींना साधारणपणे चार वर्षे वा पन्नास हजार मैल, यांत जे आधी पुरे होईल ते, अशी हमी मिळते. भारतात मुदत कंपनीगणिक वेगळी असते. पण कोणतीही मुदत घेतली तरी ती दुसऱ्या मालकाने गाडी घेतल्या दिवसापासून मोजली जात नाही, पहिल्या विक्रीच्या दिवसापासून मोजली जाते. यंत्राच्या बिघाडाचा आलेख अभियंते न्हाणीच्या टबासारखा काढतात. सुरुवातीला बनावटीतील दोषांमुळे थोडे बिघाड, मग दीर्घकाळ सपाटी, आणि शेवटी झिजेमुळे चढत जाणारी भिंत. कारखान्याची हमी पहिल्या उताराला व सपाटीला संरक्षण देते. चढण सुरू होते तेव्हा ती संपलेली असते. याला कंपनीची लबाडी म्हणण्यापेक्षा हिशेब म्हणणे अधिक योग्य होईल.

माझ्या चुलतभावाच्या ध्यानात न आलेली मुख्य गोष्ट अशी, की गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. साठ लाखांची गाडी सहा वर्षांत अठरा लाखांची झाली, तरी तिचा गिअरबॉक्स साठ लाखांच्या गाडीचाच राहतो. गाडीची जुळणी चाकणला झालेली असली, तरी बरेचसे भाग परदेशातून येतात व त्यांवर आयात शुल्क लागते. आणि हे भागही साधे नसतात. साध्या गाडीला लोखंडी स्प्रिंगा असतात. उंची गाडीत पुष्कळदा रबरी हवेच्या पिशव्या, त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि उंची मोजणारे सेन्सर असतात. रबराला बारीक चीर पडली की हवा गळते, गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे एका पिशवीच्या दुरुस्तीत केलेली कुचराई दोन भागांचा खर्च आणते. काही इंजिनांत टायमिंग चेन मागच्या बाजूस, गिअरबॉक्सकडे बसवलेली असते. चेनची किंमत फार नसते, पण तिथवर पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स किंवा सबंध इंजिन उतरवावे लागते, आणि बिलात मजुरीचा आकडा भागाच्या आकड्याला मागे टाकतो. साधी बॅटरी बदलली तरी कित्येक गाड्यांत संगणक जोडून नव्या बॅटरीची नोंद करावी लागते. आमच्या गावच्या मिस्त्रीचा हात कितीही कसबी असला तरी त्याच्यापाशी तो संगणक नाही.

उंची गाडीत नवी युक्ती सर्वांत आधी येते याचा अभिमान मालकाला असतो. त्या युक्तीची परीक्षाही त्याच्याच खर्चाने होते. मर्सिडीजने २००१ साली विजेवर चालणारी एक ब्रेक-पद्धती आणली. ब्रेक किती वेळा दाबला याची मोजदाद तिचा पंप ठेवी आणि ठरलेला आकडा गाठला की धोक्याचा दिवा लागे. २००४ साली या पद्धतीतील दोषासाठी कंपनीला सहा लाख ऐंशी हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे. टोयोटाने १९८९ साली अमेरिकेत लेक्सस ही उंची गाडी आणली. थोड्याच महिन्यांत एक-दोन तक्रारी येताच विकलेल्या सुमारे आठ हजार गाड्या कंपनीने मालकांच्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या आणि धुऊन, टाकी भरून परत पोहोचवल्या. हमीपत्रात लिहिले होते त्यापेक्षा हे जास्त होते.

कायदा काय म्हणतो? १९३० च्या माल-विक्री अधिनियमाचे बारावे कलम 'अट' आणि 'हमी' यांत फरक करते. अट मोडली तर माल नाकारता येतो. हमी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. बोलीभाषेत 'गॅरंटी' म्हणताना आपण हा फरक विसरतो. एका मोटार कंपनीच्या दाव्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने असेच म्हटले, की हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याचे वचन असेल, तर त्यावरून सबंध गाडी बदलून मागता येणार नाही. पुष्कळशा उंची गाड्या कंपनीच्या नावावर घेतलेल्या असतात, आणि व्यापारी प्रयोजनाने केलेली खरेदी ग्राहक कायद्यात बसत नाही. या बाबतीत २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने संचालकाच्या व्यक्तिगत वापराची गाडी ग्राहक कायद्याच्या कक्षेत धरली, ही समाधानाची गोष्ट आहे.

बाहेरच्या गॅरेजात गाडी उघडली की हमी संपते, ही धमकी सर्वांच्या परिचयाची आहे. अमेरिकेने १९७५ सालीच मॅग्नसन-मॉस कायदा करून, ठराविक छापाचा भाग वा ठराविक ठिकाणची दुरुस्ती पैसे मोजून घेतलीच पाहिजे, अशी अट हमीला जोडण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग व दुरुस्तीची उपकरणे खुल्या बाजारात मिळू न देणे आणि बाहेर दुरुस्ती केल्यास हमी रद्द करणे, हे आक्षेप त्यात होते. पुढे अपिले झाली, दंडाची रक्कमही लढवली गेली. पण गाडी एकदा घेतली की मालक सुट्या भागांच्या बाबतीत त्याच कंपनीच्या हातात बांधला जातो, ही आयोगाची मांडणी मला आजही बिनतोड वाटते.

मग आम्ही दोघे दीड लाखांच्या त्या वाढीव हमीचे कलमवार वाचन करू लागलो. ब्रेकचे पॅड, वायपर, टायर, काचा, बॅटरी वगळलेली. रबरी भाग 'झीज' या सदरात घातलेले, म्हणजे हवेच्या पिशव्यांबद्दल वाद घालायला जागा ठेवलेली. खरेदीपूर्वीचा दोष वगळलेला, आणि तो पूर्वीचा होता की नंतरचा हे ठरवणार हमी देणाराच. उंदराने कुरतडलेल्या वायरी नाहीत. पाण्यात गाडी बंद पडून इंजिनात पाणी शिरल्यास नाही. (२६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत बुडालेल्या गाड्यांच्या मालकांना हे कलम पाठ असेल. साध्या मोटार विम्यातही इंजिनाचे हे नुकसान वेगळा हप्ता भरल्याशिवाय सहसा मिळत नाही.) शिवाय सर्व सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच हवे. ते केंद्र आमच्या गावापासून दीडशे किलोमीटरवर.

उरलेल्या जोखमीचा मी एक अंदाजी हिशेब मांडला. यातील आकडे गृहीत आहेत, केवळ पद्धत दाखवण्यासाठी. समजा वर्षभरात गिअरबॉक्सचे चार लाखांचे काम निघण्याची शक्यता दहात एक, हवेच्या सस्पेन्शनचे दीड लाखाचे काम चारात एक, आणि इलेक्ट्रॉनिक भागांचे ऐंशी हजारांचे काम चारात एक. अपेक्षित खर्च अनुक्रमे चाळीस हजार, साडेसदतीस हजार व वीस हजार, एकूण साडेसत्त्याण्णव हजार. त्यासाठी दीड लाख द्यायचे. सरासरीने पाहता सौदा तोट्याचाच.

पण सरासरी हा शेवटचा शब्द नव्हे. दानिएल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ साली हाच प्रश्न जहाजांबाबत सोडवला होता. सेंट पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याचा दहा हजार रुबलांचा माल ॲमस्टरडॅमहून यायचा आहे. शंभरांतील पाच जहाजे बुडतात, म्हणजे अपेक्षित नुकसान पाचशे. विमा मात्र आठशेच्या खाली मिळत नाही. विमा न घेणे त्याला केव्हा शहाणपणाचे ठरेल? बर्नुलीचे उत्तर असे, की या मालाखेरीज त्याच्यापाशी किमान ५,०४३ रुबल असतील तर. त्याहून कमी असतील तर महाग विमाही घ्यावा, कारण गरिबाला गमावलेला रुबल श्रीमंताहून अधिक दुखतो.

हे मी चुलतभावाला समजावून सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे ज्याला ही गाडी परवडते त्याला हमी नको, आणि ज्याला हमी लागते त्याला गाडीच परवडत नाही. असंच ना दादा?" मी म्हणालो, "तुझ्यापाशी गाडी घेतल्यावर उरणार दोन लाख. त्यातले दीड लाख हमीला दिलेस तर टायर आणि सर्व्हिसिंगला काय उरतं, ते बघ." त्याने कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वजाबाकी केली आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

तरी गाडी एकदा पाहूनच घ्यावी, असे ठरले. शहरातल्या एका माहीतगार मिस्त्रीने फोनवर एकच युक्ती सांगितली : गाडी संध्याकाळी सपाट जागेवर उभी करायला सांगा, चाकाच्या वरच्या कमानीपर्यंतचे अंतर बोटांनी मोजा आणि सकाळी कोणी चालू करायच्या आत पुन्हा मोजा. आम्ही तसे केले. रात्री चारही चाकांवर चार-चार बोटे बसत होती. सकाळी मागच्या डाव्या चाकावर दोनच बसली. विक्रेता म्हणाला, "रात्रभर उभी राहिली की बसतेच थोडी." चुलतभावाने पुन्हा एकदा बोटे लावून पाहिली, विसाराचे पंचवीस हजार परत मागून घेतले, आणि आम्ही दहाच्या एस.टी.ने गावी परतलो.