पुरसीसवर सही करण्याआधी

सातारा, बुधवार

चि. सौ. छकुलीस,


काल दादाचा फोन आला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. शनिवारच्या लोकअदालतीत जावईबापूंचा अपघाताचा क्लेम मिटवताय म्हणे. समोरच्या वकिलाने विचारलं, "यांचं सगळं कोण करतं?" आणि तू म्हणालीस, "मीच. बायकोच आहे ना, त्याचे पैसे नकोत." खरं आहे का हे? खरं असेल तर मला तुझा फार राग आलाय. तडजोडीच्या त्या पुरसीसवर सही करू नकोस. लोकअदालतीतली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील होत नाही.

तू काय करतेस ते मी दिवाळीत पाहिलंय. दर दोन तासांनी जावईबापूंची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि अंग ओढायचं नाही, उचलायचं. घासलं की कातडी जाते. टाचांखाली उशी, लघवीची पिशवी, माकडहाडापाशी लाल डाग दिसतोय का ते बॅटरी लावून बघणं. यासाठी तू पतसंस्थेतली नोकरी सोडलीस. बाहेरचा माणूस ठेवला असतास तर त्याला महिन्याच्या महिन्याला पगार द्यावा लागला असता ना? मग तू करतेस म्हणून तो खर्च शून्य कसा झाला?

वकिलांना सांग, मदतनिसाचा खर्च वेगळा मांडा. अपघाताने 12व्या वर्षी कायमची अंथरुणाला खिळलेल्या एका मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दोन मदतनिसांचे महिना 10 हजार धरले, वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणे 18चा गुणक लावला आणि त्यापोटी 21 लाख 60 हजार दिले. जावईबापूंना 34वं चालू आहे, म्हणजे गुणक 16. महिन्याला तेवढेच धरले तरी 19 लाख 20 हजार होतात. त्यावर पाणी सोडायला निघालीस? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातही जास्त आधार लागणाऱ्यांसाठी मदतनीस भत्त्याची तरतूद लिहिलेली आहे. वकील ऐकत नसतील तर तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो.

तुला वाटेल, आत्या एवढी पैशाची कधीपासून झाली? तुझ्या काकांच्या जीपचा अपघात झाला तेव्हा मलाही हेच विचारलं होतं. मी पदर सावरून म्हणाले, "नवऱ्याच्या सेवेचे पैसे कसले?" सगळ्यांनी माना डोलावल्या, सावित्री म्हणाले, आणि कागदावर माझ्या नावाचं काहीच आलं नाही. शाळेची नोकरी मी आधीच सोडली होती. 14 वर्षं त्यांना उचललं. शेवटी पाटल्या मोडल्या, त्या आईच्या होत्या. ते गेले तेव्हा मी 51 वर्षांची होते. हातात पेन्शन नव्हती, आणि कंबर अशी की अजून भरलेली बादली उचलवत नाही. तुझ्या काकांना ते कळत होतं. एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू तेव्हा मागायला हवं होतंस गं." ते मला अजून ऐकू येतं. म्हणून परत सांगते, सही करू नकोस.

रागावले, मनावर घेऊ नकोस. तुझ्या मायेची किंमत कोणी करत नाहीये, बाळा. ती कोर्टाला करताही येणार नाही. पण तुझी झोप, तुझी पाठ, तुझी गेलेली नोकरी, यांचा हिशोब होतो आणि तो झाला पाहिजे. उद्या तुझी पाठ गेली तर जावईबापूंना कोण वळवणार?

मी शुक्रवारी सकाळच्या एसटीने येतेय. उचलणं मला होणार नाही, ते तुझा भाऊ बघेल, त्याच्याशी बोलले आहे. स्वयंपाक, धुणं आणि ती कागदांची फाइल माझ्याकडे. तू दुपारी दार लावून झोप. मी येईपर्यंत सही तेवढी करू नकोस.

तुझी,
आत्या