इसार दिला, फणस पडला, भरायचं कोणी?

प्रश्न : राजापूर तालुक्यात एक जुनं कौलारू घर, परसासकट, विकत घ्यायचं आम्ही ठरवलं. साठेखत झालं, इसार दिला, खरेदीखत दिवाळीनंतर करायचं आहे. मध्येच वादळी पावसात परसातला फणस घरावर आडवा झाला. कौलं फुटली, वासे मोडले, माजघराची भिंत भिजून फुगली. विकणारे काका म्हणतात, "घर आता तुमचंच, डागडुजी तुम्हीच करून घ्या." लंडनला असलेली माझी बहीणही म्हणते, की काकांचं बरोबर आहे. खरंच का? – एक वाचक

उत्तर : तुमची बहीण बरोबर आहे आणि काका चूक आहेत. दोघं एकच गोष्ट सांगत असले तरी बहीण इंग्लंडमध्ये बसून बोलते आहे आणि काकांचं घर राजापुरात आहे.

इंग्लंडमध्ये करार पक्का झाला, की घराची जोखीम सर्वसाधारणपणे घेणाऱ्याकडे जाते. ताबा मिळालेला नसो, पूर्ण पैसे दिलेले नसोत. 1801 सालच्या एका निकालापासून हे तत्त्व तिथे रुजलं. म्हणून करार झाला त्याच दिवसापासून विमा उतरवा, असं तिथल्या गिऱ्हाइकाला बजावतात. याचा एक गमतीदार खटला आहे. 3,100 पौंडांना विकायच्या ठरलेल्या मालमत्तेला व्यवहार पुरा होण्याआधी आग लागली. विकणाऱ्याने विमा कंपनीकडून 330 पौंड घेतले आणि घेणाऱ्याकडून ठरलेली पूर्ण किंमतही घेतली. घेणारा म्हणाला, विम्याचे पैसे मला द्या. 1881 साली न्यायालयाने त्याला नकार दिला, कारण विमा त्याच्या नावावर नव्हता. मग विमा कंपनीने दावा लावला आणि 1883 साली ते 330 पौंड विकणाऱ्याकडून परत मिळवले. न्याय झाला, पण ज्याचं घर जळलं त्याच्या हाती काहीच लागलं नाही.

आपल्याकडचा 1882 सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा वेगळ्या वाटेने जातो. त्याच्या कलम 54 नुसार नुसत्या विक्रीच्या करारामुळे, म्हणजे साठेखतामुळे, मिळकतीत तुमचा हक्क निर्माण होत नाही. मालकी जाते ती नोंदणी झालेल्या खरेदीखताने. कलम 55 त्याचा हिशोब पुढे लावतं. मालकी घेणाऱ्याकडे गेल्यानंतर, विकणाऱ्याचा दोष नसताना मिळकतीचं जे नुकसान होईल ते घेणाऱ्याने सोसायचं. तुमच्या बाबतीत मालकी अजून काकांचीच आहे, तेव्हा फणस काकांच्याच घरावर पडला.

याच कलमात काकांना न रुचणारी आणखी एक गोष्ट आहे. करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत एखादा शहाणा मालक स्वतःच्या घराची जेवढी काळजी घेईल, तेवढी विकणाऱ्याने घेतली पाहिजे. फणस कित्येक वर्षं घराकडे कलला होता, शेजारीपाजारी सांगत होते आणि "आता विकायचंच आहे, कशाला खर्च" म्हणून काकांनी तो तसाच ठेवला असेल, तर हे नुसतं निसर्गाचं नुकसान राहत नाही. शेजाऱ्यांना विचारा. कोकणात कोणाचं झाड कोणाच्या घरावर कललंय, हे साऱ्या वाडीला ठाऊक असतं.

आता एक मेख. कलम 55 मधले हे सारे नियम "उलट करार नसेल तर" लागू होतात. म्हणून आज रात्रीच साठेखत काढा आणि शेवटची पानं नीट वाचा. "आजपासून मिळकतीची सर्व जोखीम लिहून घेणाऱ्याची" असं वाक्य त्यात असेल, तर काका जिंकले. साठेखताबरोबर ताबाही घेतला असेल, तर काळजी घेण्याची त्यांची जबाबदारी तिथेच संपली. प्रश्नात तुम्ही ताब्याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण कोकणात "चावी ठेवा, येऊन-जाऊन असा" असं प्रेमाने म्हणायची पद्धत आहे. चावी घेतली असेल तर वकिलाला ते आधी सांगा.

यावरून व्यवहार मोडता येईल का? कौलं आणि वासे गेल्याने करार आपोआप संपत नाही. करार पाळणं अशक्यच झालं तर 1872 च्या करार कायद्याचं कलम 56 आहे आणि मग कलम 65 प्रमाणे इसार परत मागता येतो. पण तुमच्या व्यवहारात किंमत बहुधा घरापेक्षा जागेचीच जास्त असणार, आणि जागा तर शाबूत आहे. माझ्या मते मोडू नका, भाव कमी करून घ्या.

पण कागद झाल्याशिवाय दुरुस्ती करू नका. पडलेला फणस, फुटकी कौलं, भिंत यांचे तारखेसकट फोटो काढा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. सरकारी मदत मिळालीच, तर ती नोंदीवरच्या मालकाला, म्हणजे काकांना मिळेल. तिचा हिशोब व्यवहारात धरा. काकांनी घराचा विमा उतरवला असेल तर तोही विचारा. 2021 पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित विम्यात झाड पडून झालेलं नुकसानही येतं. मात्र तो करार काका आणि कंपनी यांच्यातला. साठेखत केलं म्हणून तो तुमच्याकडे येत नाही. खरेदीखताच्या दिवसापासून स्वतःचा विमा घ्या. कर्ज काढत असाल तर बँकेलाही कळवा. तिने केलेलं मूल्यांकन धडधाकट घराचं होतं.

नंतर गवंड्याकडून आणि सुताराकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि काकांपुढे दोन पर्याय ठेवा. त्यांनी खरेदीखताआधी घर पूर्ववत करून द्यावं, नाहीतर तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी. काहीही ठरलं तरी ते पुरवणी करारात लिहून दोघांनी सह्या करा. "बघू नंतर" यावर थांबू नका.

सगळ्यात जास्त लक्ष खरेदीखताच्या मसुद्याकडे द्या. "मिळकत आहे त्या स्थितीत पाहून, समजून, तक्रारीशिवाय ताब्यात घेतली" हे वाक्य आपल्याकडे जुन्या मसुद्यांतून जसंच्या तसं उतरत येतं आणि कोणी ते वाचतही नाही. मोडक्या छपराखाली उभं राहून त्यावर सही केलीत, तर वर सांगितलेल्या कलमांचा तुम्हाला फारसा उपयोग उरणार नाही. ते वाक्य खोडून घ्या, किंवा त्याच्यापुढे नुकसान आणि वजावट स्पष्ट लिहून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नोंदणीच्या दिवशी चिडाल. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. त्यामुळे काकांनी भाव कमी केला तरी शुल्क कमी होईलच असं नाही.