घासाघीस आणि बाजारभाव

बाजारात घासाघीस करणे काहींना कमीपणाचे वाटते, तर काहींना चातुर्याचे. आम्हांस येथे त्यामागील अर्थशास्त्राचा थोडा विचार करावयाचा आहे.

समजा, हिंडलग्याचा एक शेतकरी बटाट्याचे पोते घेऊन बेळगावच्या बाजारात गेला. ६०० रुपयांखाली ते द्यावयाचे नाही, असे त्याने मनाशी ठरविले आहे. समोर एकच गिऱ्हाईक असून ते ८०० रुपयांपर्यंत देण्यास तयार आहे. मग भाव कोणता ठरेल? ६०० ते ८०० यांच्यामध्ये कोठेही! ज्याला थांबणे परवडते, त्याच्या बाजूस तो झुकेल.

आता ७५० देणारे दुसरे गिऱ्हाईक आले. शेतकरी त्याखाली कशाला उतरेल? घासाघिशीला ५० रुपयेच उरले. उलट गिऱ्हाईक एकच, पण ६५० ला पोते देणारा दुसरा शेतकरी आला, तर पहिल्यास ६५० च्या वर मिळणे कठीण. दोन्हीकडे माणसे वाढत गेली, की ही जागा आकसत जाते आणि ज्यास आपण बाजारभाव म्हणतो तो उभा राहतो. एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये हेच गणिताने मांडले.

चढाओढ एकाच बाजूस असली, तर काय होते? निपाणीस विडीची तंबाखू विकणारे शेतकरी पुष्कळ, घेणारे व्यापारी मोजके. देण्याघेण्याची निकड असलेल्या एकट्या शेतकऱ्याच्या शब्दाला तेथे वजन नव्हते. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले. पोलिसांच्या गोळीबारात काहींचे प्राण गेले. एकट्यास न मिळणारा भाव एकजुटीने मागण्याची ती धडपड होती.

बाजार समितीतील जाहीर लिलावाचा हेतूही असाच आहे. अनेक खरेदीदार एका मालापाशी यावेत व बोली सर्वांसमक्ष व्हावी. मात्र खरेदीदारांनी आतून संगनमत केले, तर लिलाव नावापुरता राहतो.

यावरून सभासद कुटुंबांनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. माल विकताना चार ठिकाणी चौकशी करावी व शक्य तर शेजाऱ्यापाजाऱ्यांसह एकत्र विकावा. घेताना, दिवेलागणीला उरलेली भाजी घेऊन बसलेल्या बाईस थांबणे परवडत नाही, हे आठवावे. तिच्याकडून पाडून घेतलेले पाच रुपये तिच्या अडचणीतून आलेले असतात.