घरातील मोडेमचे दप्तर

अहिल्यानगर जिल्ह्यातील पुष्कळ गावांत, व आता कित्येक वस्त्यांवरही, फायबरची तार घरापर्यंत आली आहे. ई-पीक पाहणीची नोंद, डिजिटल सहीचा सात-बारा, कांद्याचा बाजारभाव, बँकेचा व्यवहार, गोठ्यातील कॅमेरा, ही सर्व कामे त्या एका तारेवरून होऊ लागली आहेत. परंतु तार जोडणारा मनुष्य भिंतीवर पेटी लावून निघून जातो, आणि तिच्या आत काय लिहिले आहे हे घरधन्यास ठाऊक नसते. आम्ही महसूल खात्यात दप्तर सांभाळण्यात उमेदीची वर्षे घालविली. ह्या पेटीतही एक दप्तरच आहे, आणि मराठी शाळेत शिकलेल्या मनुष्यासही ते वाचता येते, अशी आमची खात्री झाल्यावरून हे टिपण लिहीत आहो.

मोडेम दोन कामे करतो. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे तो विजेच्या संकेतांत रूपांतर करतो, आणि ते संकेत घरातील यंत्रांस वाटून देतो. कंपनीकडून घरास बाहेरचा एकच पत्ता मिळतो. आत मोबाइल, संगणक, टीव्ही मिळून आठ-दहा यंत्रे असली तरी बाहेरून तो एकच पत्ता दिसतो. गट नंबर एक आणि पोटहिस्से अनेक, असा हा प्रकार समजावा. आतले क्रमांक बहुधा १९२.१६८.१ ह्या आकड्यांनी सुरू होतात व मोडेम ते प्रत्येक यंत्रास ठरावीक मुदतीपुरते देतो. ह्या व्यवस्थेस 'डीएचसीपी' म्हणतात, आणि त्या मुदतीस 'लीज', म्हणजे आपला भाडेपट्टाच.

दप्तर उघडण्याची रीत सोपी आहे. मोडेमच्या तळाशी किंवा पाठीमागे एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तीवर १९२.१६८.१.१ असा किंवा तत्सम पत्ता, नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. घरच्या वायफायला जोडलेल्या मोबाइलवर, ज्या ठिकाणी एरव्ही संकेतस्थळाचे नाव लिहितो तेथे, हा पत्ता इंग्रजी अंकांत लिहावा. नाव व पासवर्ड दिला की पाने उघडतात.

येथे घाई करू नये. काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढावे आणि मुख्य नोंदी वहीत उतरवून घ्याव्या. 'वॅन' नावाचे पान विशेष जपावे. त्यात कंपनीने दिलेले 'पीपीपीओई'चे नाव व 'व्हीलॅन'चा क्रमांक असतो. ह्या दोन नोंदी पुसल्या गेल्या तर तार शाबूत असूनही इंटरनेट बंद पडते, आणि वस्ती आडबाजूस असल्यास कंपनीचा मनुष्य येईपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मोडेमच्या मागे सुईच्या अग्राने दाबावयाचे 'रीसेट' बटण असते. ते दहा सेकंद दाबून धरल्यास बहुधा सारे दप्तर कोरे होते. पोरांनी ते सहज म्हणून दाबू नये, एवढी ताकीद घरात द्यावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वायफायचा पासवर्ड निराळा आणि मोडेमच्या दप्तराचा पासवर्ड निराळा. पहिला बहुतेक लोक बदलतात. दुसरा छापील चिठ्ठीवरचा, पुष्कळदा नुसता 'ॲडमिन' एवढाच, वर्षानुवर्षे तसाच राहतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने अशीच साठाच्या आसपास ठरीव नावे व पासवर्ड वापरून जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. पुढे जुलै २०१७ मध्ये कर्नाटकात भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारो मोडेम तशाच हल्ल्याने निकामी झाले. ज्यांनी मूळ पासवर्ड बदलला नव्हता त्यांवरच तो प्रसंग ओढवला. तेव्हा 'मॅनेजमेंट' किंवा 'सिस्टिम' ह्या पानावर जाऊन हा पासवर्ड प्रथम बदलावा. त्याच भागात 'रिमोट मॅनेजमेंट' असल्यास ते बंद आहे काय ते पाहावे.

वायफायच्या पानावर 'डब्ल्यूपीए २' किंवा 'डब्ल्यूपीए ३' हीच सुरक्षा निवडावी आणि 'डब्ल्यूपीएस' बंद करावे. त्यातील आठ अंकी क्रमांक चोरास शोधून काढता येतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात व भिंत ओलांडतात. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान, पण जवळपुरत्याच. दगडी वाड्यात किंवा जाड मातीच्या भिंतींच्या घरात पहिल्याच उपयोगी. गावठाणात शेजाऱ्यांची वायफाये एकमेकांत मिसळत असतील तर २.४ मध्ये १, ६ किंवा ११ ह्यांपैकी मोकळा असेल तो चॅनेल घ्यावा. एकट्या वस्तीवर ही चिंता नाही. तेथे पत्रा हाच खरा वैरी होय. लोखंडी कपाटावर मोडेम ठेवून वेग नाही म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

'डीएनएस' बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालावे, असे तरुण मंडळी सांगतात. संकेतस्थळाचे नाव शोधण्याचा वेळ त्याने थोडा वाचेल. तारेचा वेग त्याने वाढत नाही.

कांद्याच्या चाळीवर किंवा गोठ्यात कॅमेरा लावणारे पुष्कळदा 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून द्या म्हणतात. पोर्ट म्हणजे वाड्याच्या भिंतीतील दिंडी. ती कॅमेऱ्याकडे उघडली की परगावी बसून गोठा दिसतो खरा, परंतु त्याच दिंडीतून कोणीही अनोळखी डोकावू शकतो. शिवाय कित्येक कंपन्या अनेक ग्राहकांत मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरतात. 'वॅन'च्या पानावरील पत्ता १०० ने सुरू होत असून त्यातील दुसरा आकडा ६४ ते १२७ ह्यांमधला असेल, तर आपली जोडणी तशी आहे असे समजावे. मग दिंडी उघडण्याची खटपटच व्यर्थ. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲपमधून पाहावे, त्याचाही मूळ पासवर्ड बदलावा, आणि शक्य तर तो 'गेस्ट' वायफायवर ठेवावा. मजूर व पाहुणे ह्यांसही तेच द्यावे, म्हणजे बँकेचा व्यवहार होणारा मोबाइल त्यांपासून अलग राहतो. 'यूपीएनपी' नावाची सोय अशा दिंड्या मालकास न विचारता उघडते. ती बंद ठेवावी.

महिन्यातून एकदा जोडलेल्या यंत्रांची यादी उघडून घरातील यंत्रांशी ताडून पाहावी. एखादे नाव ओळखीचे निघाले नाही तर आधी घरात विचारावे, कारण पुष्कळदा तो धाकट्याचा जुना मोबाइलच असतो. तरीही उलगडा न झाल्यास वायफायचा पासवर्ड बदलावा. तो बदलताच सर्व यंत्रे सुटतात. गोठ्यातील कॅमेऱ्यासही नवा पासवर्ड जाऊन द्यावा लागतो.