पत्र की पत्रा? डायल-अप जोडणीचा एक धडा

आमच्या घरी मम्मीच्या ट्रंकेत काही ईमेलचे छापील कागद आहेत. तेव्हा मामा बहारीनला होता आणि पप्पांनी हप्त्यावर कॉम्प्युटर घेतलेला. एका पावसाळ्यात मागच्या खोलीचा पत्रा वाऱ्याने उडाला. मम्मीने मामाला रोमन लिपीत तसं कळवलं, कारण दुसऱ्या कुठल्या लिपीत लिहिण्याची सोयच नव्हती. आता रोमनमध्ये 'पत्र' आणि 'पत्रा' एकसारखेच, 'उडालं' आणि 'उडाला' पण एकसारखेच. मामाने ऑफिसातून शुक्रवारी उत्तर पाठवलं, काळजी करू नकोस, दुसरं पत्र टाकतो. इकडे बादल्या मांडून झोपायचं आणि तिकडे हा पत्र लिहितोय! खुलासा होऊन पैसे यायला तीन आठवडे गेले.

मंडळाच्या 'पत्रव्यवहार' या यंदाच्या विषयासाठी मी हे कागद आणले, तेव्हा एका ज्युनिअरने विचारलं, "पण तेव्हा नेट लावायचे कसे ओ?" मला सांगता येईना. म्हणून लॅबमधल्या सरांच्या मागे लागून ते प्रत्यक्ष करून बघितलं. जे समजलं ते इथे लिहिते. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी मूळ अडचण. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी बांधलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा तिच्यातून जातो. कॉम्प्युटरकडे आवाज नाही, नुसते शून्य आणि एक. त्यांचा आवाज करायचा (मॉड्युलेशन) आणि पलीकडे पुन्हा शून्य-एक करायचे (डिमॉड्युलेशन), म्हणून त्या पेटीचं नाव मोडेम. दूरचा सर्व्हर म्हणजे तरी काय, फोन उचलायला बसलेला एक कॉम्प्युटर, ज्याच्याजवळ दुसरं मोडेम आहे. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते मोठ्या शहरांत. बाकीच्या गावांनी जवळच्या केंद्राला एसटीडी लावायची, म्हणजे इंटरनेटचे तास वेगळे आणि फोनचं बिल वेगळं. पप्पा अजून त्या बिलाविषयी बोलत नाहीत.

आम्ही दोन जुनी मोडेम जमवली. एक लॅबमधल्या लिनक्सच्या मशीनला लावलं, दुसरं माझ्या लॅपटॉपला. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो म्हणून यूएसबीची वायर घ्यावी लागली. दोन्ही मोडेम कॉलेजच्या इंटरकॉमच्या दोन लाइनींवर. सर्व्हरच्या बाजूला 'एमगेटी' नावाचा प्रोग्रॅम रिंग ऐकत बसतो, रिंग आली की मोडेमला फोन उचलायला सांगतो आणि लॉगिन विचारतो. माझ्या बाजूला 'मिनिकॉम'.

मोडेमशी बोलायची भाषा १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेली आहे. प्रत्येक आज्ञेच्या आधी ए आणि टी, म्हणजे 'अटेन्शन'. नुसतं एटी टाइप केलं की मोडेम ओके म्हणतं. ते म्हणालं नाही तर पुढचं काहीच करू नका, वायर किंवा पोर्ट चुकलाय. एटीझेड म्हणजे आधीचं विसरून ताज्याने सुरू कर. एटीडीटी आणि पुढे नंबर, म्हणजे टोनने डायल कर. जुन्या एक्स्चेंजांना टोन कळायचा नाही, तिथे एटीडीपी, पल्सवालं, चकतीच्या फोनसारखं टकटक करणारं. ऑफिसातून आधी शून्य फिरवून बाहेरची लाइन घ्यायची असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम टाकायचा, मोडेम साधारण दोन सेकंद थांबतं. स्वल्पविरामाला इतका नेमका अर्थ व्याकरणाच्या तासाला कुणी सांगितला नव्हता.

पहिला प्रयत्न, लागलंच नाही. 'नो डायलटोन'. फोन लावून ऐकला तर टोन छान येत होता. बराच वेळ गेल्यावर कळलं की इंटरकॉमचा टोन बाहेरच्या फोनसारखा नसतो, आणि मोडेम त्याला ओळखत नाही. उपाय एटीएक्स३, म्हणजे टोनची वाट न बघता सरळ डायल कर, एंगेज असेल तर मात्र सांग. मग रिंग गेली, पलीकडून उचललं, आणि ते प्रसिद्ध किंचाळणं सुरू झालं.

त्या किंचाळण्याला क्रम आहे. उचलणारं मोडेम आधी २१०० हर्ट्झचा एक लांब सूर देतं. त्यात मधूनमधून उलट फिरणाऱ्या लहरींमुळे टेलिफोन कंपनीची प्रतिध्वनी दाबणारी यंत्रं बाजूला होतात. मग दोघं एकमेकांना सांगतात की मला काय काय येतं. मग तार कशी आहे ते वेगवेगळे सूर पाठवून मोजतात. शेवटची खरखर म्हणजे त्या तारेच्या खोडी ओळखून स्वतःला जुळवून घेणं. जुळलं की स्पीकर बंद. शांतता म्हणजे जोडणी झाली, हे मला फार आवडलं.

वेगाबद्दल दोन फसवणुकी. पेटीवर ५६ के लिहिलेलं असलं तरी तो वेग सर्व्हरची बाजू टेलिफोनच्या जाळ्याला डिजिटल जोडलेली असेल तरच, आणि तोही फक्त आपल्याकडे येताना. दोन साधी मोडेम समोरासमोर लावली तर जास्तीत जास्त ३३,६००. दुसरं, कनेक्टच्या पुढे ११५२०० दिसलं म्हणून खूश होऊ नका, तो बऱ्याचदा तुमच्या कॉम्प्युटर आणि मोडेममधला वेग असतो, तारेवरचा नाही. आम्हाला तारेवर २८,८०० मिळाला. त्या वेगाने ३ एमबीचा एक फोटो जायला साडेचौदा मिनिटं. हा लेख मात्र पाच-सहा सेकंदांत जाईल.

लॉगिन झालं आणि खरी गंमत पुढे. मी मामाचं वाक्य देवनागरीत पाठवलं. सर्व्हरकडून उलट आले डॉलर! प्रत्येक अक्षराच्या जागी एक उलटी टिंबासारखी खूण, एक डॉलर आणि आणखी काहीतरी. इंग्रजी मात्र बिनचूक जात होतं.

सरांनी बाइट काढून दाखवले. आज देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइटांत साठवतात. 'म' म्हणजे ई०, ए४, एई. इंग्रजी अक्षरं सात बिटांत बसतात, १२८ जागांची ती जुनी आस्की यादी. सर्व्हरच्या पोर्टवर येणाऱ्या प्रत्येक बाइटचा आठवा बिट छाटायची जुनी सेटिंग चालू राहिली होती. आठवा बिट गेला की ए४ चा होतो २४, आणि आस्कीमध्ये २४ म्हणजे डॉलर. ती सेटिंग बंद केली आणि 'पत्रा उडाला' कान्यासकट परत आलं. लॅबमध्ये मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मम्मीच्या वेळी मात्र अडचण या एका बिटाची नव्हती. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, पण घराघरांतल्या विंडोज ९८ ला ती नीट येत नव्हती. मराठी फॉन्ट मिळायचे, पण पलीकडच्या माणसाकडे तोच फॉन्ट हवा. म्हणून बाहेरदेशच्या मराठी लोकांनी रोमनचे नियम बसवले. अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स'मध्ये लहान ए म्हणजे अ आणि मोठा ए म्हणजे आ. मम्मीला हे ठाऊक असतं तर पत्रा पत्राच राहिला असता. तसं बघितलं तर आपल्या अभ्यासक्रमातलं फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' पण १६१६ मध्ये रोमन लिपीतच छापलं गेलं, देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून.

लॉगिननंतर वेबपान वगैरे बघायचं तर त्याच तारेवर पीपीपी चालवावं लागतं. त्यात आधी दोन्ही बाजू नियम ठरवतात, मग नाव आणि पासवर्ड तपासतात (पीएपी पद्धतीत पासवर्ड उघडाच जातो, सीएचएपीमध्ये जात नाही), मग सर्व्हर तुम्हाला आयपी पत्ता देतो. इथे आठवा बिट गळत असेल तर जोडणीच तुटते. आमचं हे दुसऱ्या दिवशी लागलं, पण आमच्या सर्व्हरवर बघण्यासारखं काही नव्हतं.

फोन ठेवताना एक सेकंद काही टाइप करायचं नाही, मग तीन अधिक चिन्हं, पुन्हा एक सेकंद गप्प, मग एटीएच. घाई केली तर ती तीन चिन्हं मजकूर समजून पलीकडे जातात आणि लाइन चालूच राहते. मोडेम शनिवारपर्यंत लॅबमध्ये आहेत. लॅपटॉप आणि यूएसबीची वायर आपापली आणायची.