ब्रेकचा आवाज

मुलांनो, पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता आणि पुण्याचा जुना रस्ता वेगळे होतात. पुण्याहून बोरघाट उतरून येणाऱ्या मोटारींच्या ब्रेकवर फार ताण येतो. ब्रेक दाबला, की चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन पॅड चिमटीत धरतात. सायकलच्या ब्रेकच्या रबरासारखे तेही झिजतात. नव्या पॅडचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटर उरला, की पॅड बदलावेत. पुष्कळ पॅडांना पत्र्याची पट्टी असते. थर संपत आला, की ती तबकडीला घासून ‘चीं चीं’ करते. काही चालक तेव्हा रेडिओ मोठा करतात! पुढे ‘खर्र खर्र’ ऐकू आले, तर थर संपला. लोखंडावर लोखंड घासत आहे. अशा ब्रेकने घाट उतरू नये. घरी मोटार असेल, तर ती थंड असताना अब्बांबरोबर चाकाच्या फटीतून पॅड पाहा.